बडोद्याहून जिताडा आणि मरळ: हलका रॉड कमी पडतो आहे की माझेच गणित चुकते आहे?

मांडवी_गळकरी

नमस्कार. मी बडोद्यात मांडवीजवळ राहतो. गेल्या दीड वर्षापासून कृत्रिम आमिषाने, म्हणजे लूरने, मासे धरण्याचा छंद लागला आहे. आमच्या सीकेपी घरात मासे खाणारे सगळे, पण गळ हातात धरणारा मी पहिलाच, त्यामुळे विचारायला घरात कोणी नाही. शेजारी बहुतेक शाकाहारी असल्याने रॉड कापडी पिशवीत गुंडाळून जिना उतरावा लागतो, हे आपले जाता जाता सांगितले.

माझे साहित्य असे आहे: साडेसहा फुटी मीडियम लाइट रॉड, ज्यावर 5 ते 18 ग्रॅम वजनाची आमिषे फेकता येतात, 2500 आकाराचे स्पिनिंग रील, 15 पौंडांची विणलेली दोरी, आणि पुढे 20 पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे आमिषाला जोडणारा जाड दोरीचा तुकडा. आमिषांमध्ये 9 सेंटीमीटरचा बुडी मारणारा मिनो (लहान माशाच्या आकाराचे कडक आमिष), 12 ग्रॅमचा चमचा (चकाकणारा धातूचा पत्रा), तीन-चार इंची रबरी मासे आणि पोकळ अंगाचा एक मोठा रबरी बेडूक आहे.

वाघोडिया तालुक्यातील एका गावतळ्यावर इजारदाराची परवानगी घेऊन मी मरळीसाठी जातो. तेथे पाणवनस्पतींवरून बेडूक ओढला असता गेल्या दोन महिन्यांत चार वेळा मरळीने जोरदार झडप घातली आणि चारही वेळा बेडूक रिकामा परत आला. खाडीचा अनुभव याहून वाईट आहे. धुळवडीची सुट्टी साधून मी कावी-कंबोईच्या अलीकडे महीच्या काठावर गेलो, तेव्हा पाणी गाळलेल्या कॉफीसारखे नव्हे, तर न गाळलेल्या कॉफीसारखे होते आणि 12 ग्रॅमचा चमचा तळाला पोहोचण्याआधीच वाहून जात होता. गुढीपाडव्याला रजा टाकून पुन्हा तेथेच गेलो आणि पुन्हा तोच प्रकार झाला. रामनवमीला मात्र भडोचच्या खाली नर्मदेत एका स्थानिक मच्छीमाराच्या नावेतून गेलो असता रबरी माशाला एकच ठोका बसला, मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर उडाला, चांदीसारखा चमकला आणि लीडर तुटला. नाववाल्याच्या मते तो जिताडाच होता.

आता 4000 आकाराचे रील आणि जड रॉड घ्यावा, असे मनात आहे. परंतु हलक्या साहित्याची गंमत सोडवत नाही. माझे साहित्य खरोखरच अपुरे आहे का? आणि गढूळ पाण्यासाठी आमिषाचा कोणता रंग चालतो?

बारीकदोर

रील घेण्यापूर्वी दोन गोष्टी सांगा. तुटलेल्या लीडरचे टोक कसे दिसत होते? ते डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल तर गाठ सुटली आहे, स्वच्छ कापलेले असेल तर कल्ल्याची धार लागली आहे, आणि खरवडलेले, पांढुरके, धागे निघाल्यासारखे असेल तर ती जबड्याची घासण आहे. दुसरे म्हणजे ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना रीलवरून दोरी सुटण्याला होणारा रोध, किती लावला होता आणि तो कशाने मोजला होता?

मांडवी_गळकरी

टोक खरवडलेले होते. अंगठ्याखाली खरखरीत लागत होते. लीडर साधारण एक वीतभर ठेवला होता, कारण गाठ रॉडच्या कड्यांतून जाताना अडकते. ड्रॅग हाताने ओढून, अंदाजाने लावला होता. थोडा घट्टच असावा.

रेवदंडा_ते_रावपुरा

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच प्रश्नात दडलेले आहे, म्हणून ते जरा उलगडून सांगतो. माझे बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेले, नोकरीची तीस वर्षे बडोद्यात गेली, आणि या दोन्ही ठिकाणच्या खाऱ्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे समजायला मला पहिली पाच वर्षे लागली.

आपण गेलात ते दिवस पाहा. धुळवड म्हणजे फाल्गुन पौर्णिमेचा दुसरा दिवस. गुढीपाडवा म्हणजे अमावास्या उलटल्यावरचा पहिला दिवस. पौर्णिमा आणि अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती सर्वात मोठी असते, आणि खंभातच्या आखातात तिची उंची दहा मीटरच्या आसपास जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला साडेचार-पाच मीटर पाणी चढते, त्याच्या हे दुप्पट झाले. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. तोंड रुंद, आत शिरावे तसा निमुळता आणि उथळ होत जातो, त्यामुळे आत शिरणारे पाणी वर चढते. एवढे पाणी सहा तासांच्या आत चढायचे म्हणजे ते धावतच येणार, आणि धावताना तळाचा सगळा बारीक गाळ उचलून नेणार. अशा दिवशी 12 ग्रॅमचा चमचा तळाला पोहोचत नाही, यात रॉडचा काहीही दोष नाही. 40 ग्रॅमचा टाकला असता तरी तो पोहोचून त्या चिखलात कोणाला दिसला असता?

रामनवमी ही शुक्ल नवमी. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींशी काटकोनात येते आणि पाण्याची चढउतार उधाणाच्या निम्म्याच्या आसपास उरते. प्रवाह मंदावतो, गाळ खाली बसतो आणि पाण्यात वीतभर का होईना, पण दिसू लागते. आपल्याला तीन खेपांत एकच ठोका बसला आणि तो नेमका भांगाच्या दिवशी बसला, हा योगायोग मानू नका. आपले बरेच सण पौर्णिमा-अमावास्येला चिकटलेले असल्यामुळे सुट्टी पाहून खाडीवर जाणारा माणूस नकळत पुष्कळदा उधाणच गाठतो. होळी, नारळी पौर्णिमा, लक्ष्मीपूजन, सगळे त्यातलेच. रामनवमी आणि गोकुळाष्टमी हे थोड्या अपवादांपैकी, आणि त्यांतली गोकुळाष्टमी भर पावसाळ्यात, नदीला पूर असताना येते.

म्हणून कॅलेंडर हाती घ्या आणि अष्टमी ते दशमी हे दिवस, दोन्ही पक्षांतले, खूण करून ठेवा. वेळेबाबत एक सावधगिरी बाळगा. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जो हिशेब आपल्याकडे सांगतात, म्हणजे अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती, तो मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचा आहे. आखाताच्या आतल्या टोकाला भरती त्यानंतर काही तासांनी पोहोचते आणि नदीच्या मुखातून वर जाताना आणखी उशीर होतो. शिवाय मही आणि नर्मदेच्या मुखांत भरती थोड्या वेळात झपाट्याने चढते आणि ओहोटी बराच वेळ रेंगाळते. दोन्ही सहा-सहा तासांच्या सारख्या वाटण्या नसतात. कंबोईचे स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडे पडते, म्हणून भाविक तेथे वेळ पाहूनच जातात. दर्शनाची ती वेळ म्हणजे महीच्या मुखावरच्या ओहोटीचे घड्याळच होय. अर्थात मंदिराच्या परिसरात गळ टाकू नये, हे सांगायला नको.

दिवस ठरला, आता जागा. जिताडा उघड्या पात्रात फारसा हिंडत नाही. तो दबा धरणारा मासा आहे. खांब, पडलेले झाड, दगडी बांध, तिवरांची मुळे अशा एखाद्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि पाणी जे आणून देईल ते गिळतो. ओहोटीला चिखलाच्या सपाटीवरचे आणि तिवरांतले पाणी लहान चरांतून मुख्य पात्रात उतरते, आणि त्याबरोबर कोळंबी, बोईची पिल्ले, निवटे यांना बाहेर यावेच लागते. त्या चराच्या तोंडाशी दोन रंगांच्या पाण्याची एक रेघ दिसते: एका बाजूला मुख्य पात्राचे गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला चरातून आलेले, थोडे निवळलेले. ओहोटीचे शेवटचे दोन तास त्या रेघेवर काढा. दहा ठिकाणी शंभर फेका टाकण्यापेक्षा हे बरे.

एक घरगुती परीक्षा सांगतो. पांढऱ्या रंगाचे आमिष दोरीला बांधून नावेच्या कडेने सरळ खाली सोडा आणि ते कुठे दिसेनासे होते ते पाहा. वीतभराच्या आत नाहीसे झाले तर दिसण्यावर विसंबणारी आमिषे, म्हणजे चमचा आणि मिनो, पेटीत ठेवा. हातभर दिसत असेल तर काहीही चालेल. या दोहोंच्या मधल्या पाण्यात रबरी मासा चालतो, कारण त्याची शेपटी हलताना पाण्याला धक्के बसतात आणि माशाला ते धक्के अंगावरच्या पार्श्वरेषेने जाणवतात. रंगाचा विचार त्यानंतर करावा. गढूळ पाण्यात मी गडद काळा-जांभळा किंवा भडक पोपटी वापरतो; गडद रंगाची आकृती वरच्या उजेडापुढे उठून दिसते, एवढेच त्यामागचे कारण. ओढ मात्र संथ हवी. गढूळ पाण्यात माशाला आमिष सापडायला वेळ लागतो, आणि आपण घाबरल्यासारखे रील फिरवत राहतो.

जिताडा चावा घेत नाही, तो तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो. त्यामुळे ठोका बहुतेक वेळा आमिष खाली पडत असताना बसतो आणि हाताला 'टक्' एवढेच जाणवते. कधी तर दोरी नुसती सैल पडते. आमिष पडताना दोरी हलकी ताणून धरा. मासा उडाला की रॉडचे टोक त्याच्याकडे वाकवा. ताणलेल्या दोरीवर त्याने डोके झटकले तर गळ सुटतो किंवा लीडर जातो.

आपल्या आमिषाला लागलेला मासा जिताडाच असेल असे नाही, हेही लक्षात असू द्या. या आखातात रावस आणि दाढा हे मासेही आहेत. त्यांच्या छातीच्या पराखाली लांब तंतू असतात आणि गढूळ पाण्यात ते त्यांनी चाचपडत भक्ष्य शोधतात. परंतु खरवडलेला लीडर आणि पूर्ण अंगाने मारलेली उडी पाहता नाववाल्यावर मी विश्वास ठेवीन. जिताड्याला कापणारे दात नसतात, पण जबडा काचकागदासारखा असतो.

निवृत्त_जलमापक

वरील उत्तरात भरतीचे जे सांगितले आहे, ते अचूक आहे. मी नोकरीची बरीच वर्षे नदीकाठच्या मोजपट्ट्या वाचण्यात घालवली, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो; पैकी पहिली जिवाची आहे.

बडोद्याच्या आसपास गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्याने मगर गृहीत धरूनच वावरावे. पावागडाकडून येणारी विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि पुढे ढाढरला मिळते. या नदीत, आजव्याच्या सयाजी सरोवरात आणि आसपासच्या ओढ्या-तळ्यांत मगरी आहेत. 2024 च्या ऑगस्टमधील पुरात त्या सोसायट्यांच्या अंगणात आल्या होत्या, हे बडोदेकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तिला दगड मारणे, हुसकावणे हा गुन्हा ठरतो, आणि तसेही तिच्या जागेत आपण आलेलो असतो. गुडघाभर पाण्यात उभे राहून फेक टाकण्याची जी चित्रे परदेशी व्हिडिओंत दिसतात, ती येथे विसरावीत. पाण्याच्या कडेपासून निदान चार-पाच पावले मागे उभे राहावे, गुरे जेथे पाणी पितात ती जागा टाळावी, वाकून मासा धुवू नये, आणि तिन्हीसांजेला सामान आवरावे. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालण्याचा काळ आहे आणि जूनच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात. या चार-पाच महिन्यांत मादी काठावरच्या घरट्याजवळ असते आणि एरवीपेक्षा अधिक चिडखोर असते. आपल्या गावतळ्यात मगर नाही असे गावकरी म्हणत असतील तरी पावसाळ्यानंतर पुन्हा विचारा. त्या पुराबरोबर स्थलांतर करतात.

विश्वामित्रीत मासेमारी करूच नये, असे माझे मत आहे. मगरीचे कारण बाजूला ठेवले तरी शहराचे सांडपाणी तिच्यात उतरते, आणि त्यातला मासा घरी नेण्याजोगा नसतो. आजवा हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. तेथे परवानगीवाचून गळ घेऊन जाणे योग्य नाही. चांदोदसारख्या तीर्थाच्या घाटांवर लोक माशांना दाणे घालतात, तेथे रॉड उघडणे म्हणजे भांडण विकत घेणे होय. गावतळ्यांचा इजारा दिलेला असतो, म्हणून आपण परवानगी घेता ते उत्तम.

दुसरी गोष्ट जिताड्याबद्दल. हा मासा अंडी खाऱ्या पाण्यात घालतो, पण त्याची पिल्ले गोड्या पाण्याकडे वर चढतात. पावसाळ्यात नदीचे पाणी बंधाऱ्यावरून वाहत असते तेव्हा ती जातील तेथवर जातात आणि पाणी ओसरले की बंधाऱ्याच्या खालच्या डोहात साठतात. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात भरतीचे पाणी जेथवर पोहोचते त्या हद्दीतल्या बंधाऱ्याखाली हलक्या रॉडला साजेसा, किलो-दीड किलोचा जिताडा मिळू शकतो, आणि तेथील पाणी मुखापेक्षा पुष्कळ निवळ असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र श्रम वाया जातील. पाणी गार झाले की जिताडा सुस्तावतो.

मरळीच्या बेडकाबद्दल: आपण बहुधा घाई करता. झडप दिसली की हात आपोआप वर जातो. मरळ बेडूक तोंडात धरून खाली नेते, मग गिळते. मनात तीन आकडे मोजा आणि मग ओढा.

बारीकदोर

जलमापक यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी अर्धाच सहमत आहे. वाट पाहावी हे खरे, परंतु आकडे मोजून नव्हे. झडप डोळ्यांना दिसते, भार हाताला लागतो. ओढण्याचा निर्णय हातावर सोपवावा. कधी मरळ पहिल्याच क्षणी वळते आणि भार लगेच लागतो, तेथे तीन मोजत बसलो तर ती बेडूक थुंकून मोकळी होते. चारपैकी चार झडपा वाया जाण्याचे मुख्य कारण मला वेगळेच दिसते.

पोकळ अंगाच्या मोठ्या बेडकाला दोन जाड गळ असतात आणि ते अंगाला चिकटून लपलेले असतात, म्हणूनच तो शेवाळात अडकत नाही. मरळीच्या कडक तोंडात ते रुतवायचे तर आधी बेडूक चेपला गेला पाहिजे, मग गळ हाडाजवळ घुसला पाहिजे. मीडियम लाइट रॉड त्या झटक्याला नुसता वाकतो. सगळा जोर रॉडच खातो. म्हणजे साहित्य अपुरे नाही, साहित्य आणि आमिष यांची जोडी विजोड आहे. आपल्या रॉडला 6 ते 10 ग्रॅमचा लहान बेडूक घ्या, ज्याचा गळ बारीक तारेचा आणि मागे उघडा असतो. नाहीतर चार इंची रबरी मासा वजनाशिवाय, गळाचे टोक त्याच्या पाठीत किंचित रोवून, पानांच्या फटींतून ओढा. दाट शेवाळ सोडून त्याच्या कडेला फेका. मरळ हवेतला प्राणवायू घेणारा मासा आहे. ती दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन घोट घेते आणि बुडबुडा सोडते. तो बुडबुडा दिसला की त्याच्या पलीकडे पाच-सहा हात फेकून संथपणे त्या जागेवरून आणावे. नेमके डोक्यावर टाकल्यास ती पळते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे, पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका एकत्र उकळल्यासारखा हलताना दिसला तर तेथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात आणि ते भुकेने नव्हे, रागाने झडप घालतात, म्हणून ते धरणे अगदी सोपे असते. ते गेले की ती सगळी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. याबाबत मी फार कडवा आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आता तुटलेल्या लीडरकडे वळू. खरवडलेले टोक म्हणजे जबडा, हे वर आलेच. वीतभर लीडर जिताड्याला पुरत नाही. मासा आमिष पूर्ण आत ओढतो तेव्हा सगळा लीडर त्याच्या ओठांवर घासतो. दीड ते दोन हात लांब ठेवा आणि 20 ऐवजी 30 पौंडांचा घ्या. आमिष बारीक असल्याने 40 घेऊ नका, त्याची हालचाल मरते. गाठ कड्यांत अडकते म्हणून लीडर आखूड ठेवणे म्हणजे जोडा चावतो म्हणून पाय कापणे होय. एफजी गाठ शिका. तिच्यात लीडरला गाठ मारलीच जात नाही, विणलेली दोरी त्याच्याभोवती वेणीसारखी आवळली जाते, म्हणून ती बारीक राहते. घरी पंख्याच्या कडीला नव्हे, दाराच्या कडीला बांधून वीस वेळा करून पाहा. ओली करून आवळा, आणि आवळताना दोरीचा रंग गडद झाला की ती चावली असे समजा.

ड्रॅगचा हिशेब सोपा आहे. 15 पौंड म्हणजे सुमारे 6.8 किलो, त्याचा पावपट 1.7 किलो. प्रवासाचे सामान तोलायचा जो हुकाचा काटा घरात असतो, तो दोरीला लावून, रॉड वाकलेला ठेवून ओढा आणि 1.7 वर रील सुटू लागेल इतका ड्रॅग लावा. मासा खांबाकडे धावला तर रीलच्या चकतीवर तळवा टेकवून रोधा, बटण फिरवू नका. आपले 2500 चे रील तीन-चार किलोच्या माशाला पुरेसे आहे. त्याहून मोठा लागला तर तो जाईल, आणि जाऊ द्यावा.

तिहेरी गळांच्या जागी एकेरी गळ लावा आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा सोडणे सोपे जाते आणि चुकून आपल्याच बोटात गेला तर भडोचच्या रुग्णालयापर्यंत जावे लागत नाही. हे अनुभवाने लिहीत आहे.

मांडवी_गळकरी

सर्वांचे आभार. रील घेतले नाही. त्याऐवजी 30 पौंडांचा लीडर, 10 ग्रॅमची जिगहेड (डोक्याशी वजन असलेला गळ, ज्यावर रबरी मासा बसतो) आणि दोन लहान बेडूक घेतले, आणि हनुमान जयंतीची सुट्टी मुद्दाम घरी काढली. एफजी गाठ पंधराव्या प्रयत्नाला जमली.

चैत्र कृष्ण नवमीला त्याच नाववाल्याबरोबर नर्मदेत गेलो. पांढरा रबरी मासा खाली सोडून पाहिला; वीत आणि चार बोटांवर दिसेनासा झाला. ओहोटी संपत आली होती. तिवरांतून उतरणाऱ्या एका चराच्या तोंडाशी सांगितलेली रेघ अगदी स्पष्ट दिसली. इतक्या वेळा तेथून गेलो असूनही ती कधी दिसली नव्हती, याची लाज वाटली. गडद जांभळा रबरी मासा रेघेच्या पलीकडे टाकून खाली पडू दिला. पहिल्या पाऊण तासात काही नाही. नंतर दोरी सैल पडली, मी ताण घेतला आणि तो लागला. दोनदा उडाला, दोन्ही वेळा मी वाकलो, नाववाला हसला. 42 सेंटीमीटरचा जिताडा, अंधुक उजेडातही डोळा निखाऱ्यासारखा चमकत होता. लीडर दोन बोटे खरवडला होता, पण टिकला. हात ओले करून, आडवा धरून सोडून दिला, याचे नाववाल्याला अतोनात दुःख झाले.

त्यानंतर त्याच जागी आणखी दोन ठोके बसले आणि दोन्ही हुकले. दोन्ही वेळा आमिष नावेकडे येत असताना, प्रवाहाच्या विरुद्ध ओढत होतो. नाव आम्ही चराच्या वरच्या अंगाला नांगरली होती. यात काही चूक आहे का? गावतळ्यावरची बातमी एका ओळीत: लहान बेडकावर तीनपैकी दोन मरळी लागल्या.

रेवदंडा_ते_रावपुरा

अभिनंदन. 42 सेंटीमीटरचा म्हणजे तो नर. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे मादी होतो. 80 सेंटीमीटरच्या पुढेमागचे मोठे मासे बहुतेक माद्याच असतात. सोडलात ते चांगले केलेत; आणि पुढे कधी मोठा लागलाच, तर तो आधी सोडावा. नाववाल्याची समजूत घालायची असेल तर त्याला ठरलेल्या भाड्यावर एका किलोचे पैसे अधिक द्या. मी तसेच करत आलो आहे.

नांगर टाकण्यात चूक झाली आहे. जिताडा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. आपण वरच्या अंगाला राहून ओढलेत, म्हणजे आमिष त्याच्या मागून येऊन पाण्याविरुद्ध चढत होते. कोळंबी पाण्याविरुद्ध अशी चढत नाही, म्हणून त्याने धक्का देऊन पाहिले आणि सोडले. पुढच्या खेपेस नाव चराच्या तोंडापासून वीस-पंचवीस हात खालच्या अंगाला, पात्राच्या बाजूला नांगरा, फेक वर टाका आणि आमिष पाण्याबरोबर त्याच्या तोंडाकडे येऊ द्या. दोरी आपल्याकडे वाहत येईल, म्हणून सैल पडू न देण्यापुरतेच रील फिरवा. 10 ग्रॅमऐवजी 7 ग्रॅमची जिगहेड लावून पाहा. पाण्याबरोबर येताना जड डोके लगेच तळाच्या चिखलात रुतते. आणि नांगराची दोरी गाठ मारून बांधू नका, एका ओढीत सुटेल असा फास घालून ठेवा. भरती फिरली की तेथे पाणी फार लवकर चढते, आणि त्या वेळी गाठ सोडत बसायला फुरसत मिळत नाही.